पश्चिमेकडे चार बोटं उतार

दाऊदभाय, तुझी सगळी पत्रं आजवर मीच लिहिली, तेव्हा हेही मलाच लिहावं लागणार हे उघडच होतं. फरक एवढाच की ह्या वेळी तू समोर मांडी घालून "असा नको लिहूस मास्तर, ती घाबरंल" असं म्हणत नाहीस, त्यामुळे लिखाण भराभर होतंय. भराभर होतंय आणि मला ते अजिबात आवडत नाहीये.

तू गेल्याला आज चौथा दिवस. इथे कुवेतात, फहाहीलच्या आपल्या खोलीत, तुझी खाट होती तशीच आहे. खाटेखाली तुझं चोपणं आहे. काल घरमालकाचा माणूस आला, त्याने ते बाहेर ओढलं आणि विचारलं, ही क्रिकेटची बॅट का? मी म्हटलं, नाही बाबा, गोल्फची. त्याने मान डोलावून परत आत सरकवलं. तू असतास तर हसून हसून खाटेवरून पडला असतास, आणि मग त्याला बसवून, चहा पाजून, जमीन कशी चोपतात ते तासभर सांगितलं असतंस. मी तसं काही केलं नाही. मला तेवढा धीर नव्हता.

गावी भाबीला तार केली आहे. पत्र अजून लिहिलेलं नाही, कारण त्याआधी तुझं-माझं एक भांडण मिटवायचं राहिलंय. बारा वर्षांचं आहे. तू ते मिटवून घेतलं नाहीस, मी मिटवलं नाही, आणि आता तू अंग काढून घेतलंस. हे तुझं नेहमीचंच. भांडण पेटवायचं आणि "चल, नमाजाची वेळ झाली" म्हणून उठून जायचं.

तुला आठवतं का, टेकाडावरच्या त्या गोल्फच्या मैदानावर तू पहिल्या दिवशी आलास तेव्हा? मी तिथे आधीपासून कारकून होतो. साहेब लोकांची नावं लिहायची, कोणी किती फटक्यांत खेळ संपवला ते मांडायचं, आणि आपल्या माणसांना साहेबाचं बोलणं समजावून सांगायचं, अशी माझी नोकरी. तू गवंड्यांच्या टोळीतून आमच्याकडे आलास. सावलीत बसून तासभर बघत राहिलास. मैदान कसलं, सगळी वाळू. गवताची काडी नाही, म्हणून साहेब लोक काखेत चटईचा एक तुकडा घेऊन फिरायचे. बॉल जिथे पडेल तिथे चटई अंथरायची, तिच्यावर बॉल ठेवायचा आणि मारायचा. तू हळूच माझ्याजवळ आलास आणि म्हणालास, "मास्तर, साहेब लोक एवढे नमाजी असतील असं वाटला नव्हता. पण दर वेळी तोंड करायचा किबला कसा काय बदलतो ह्यांचा?"

मी तोंडात रुमाल कोंबून आत पळालो. आत बार्लो साहेब होता. त्याने विचारलं, काय झालं? मी सांगितलं, खोकला.

बार्लो साहेब म्हणजे आपल्या मैदानाचा सेक्रेटरी. माणूस वाईट नव्हता, तुलाही कबूल होतं. फक्त त्याचा जीव इथे नव्हता. लंडन शहराच्या बाहेर कुठेतरी त्याचं मूळचं गोल्फ मैदान होतं, त्याच्या आजोबाच्याही आधीपासूनचं. त्याची मोठी तसबीर त्याने पत्र्याच्या कचेरीत टेबलाच्या वर लावली होती. रेताड माळ, मध्ये मध्ये पाइनची झाडं, आणि सगळीकडे गुडघाभर उंचीची जांभळ्या फुलांची झुडपं. त्याला तो 'हीथ' म्हणायचा. रोज सकाळी आल्यावर आधी तसबिरीकडे बघायचा, मग खिडकीबाहेर बघायचा, आणि मग मला शिव्या द्यायचा. तिथल्या प्रत्येक होलला नाव आहे म्हणे. वीज पडलेलं झाड, पाद्र्याचा बूट, असली नावं. इथे नुसते एकापासून नऊपर्यंत आकडे, ह्याचं त्याला फार वाईट वाटायचं.

एकदा तू काहीतरी सांगायला आत आलास आणि तसबिरीसमोर थबकलास. चांगली दोन मिनिटं. मग म्हणालास, "मास्तर, हा तर आपला सडा! भादव्यातला!"

मी म्हटलं, गप रे, हे विलायतेचं आहे.

"विलायतेचा कसला? गुरं तेवढी नायत. बाकी सगळा तोच."

आणि खरंच होतं की रे ते. गावाच्या डोक्यावरचा तो उघडा कातळ, पावसाळा सरत आला की जांभळ्या फुलांनी भरणारा. मी तुझ्या आधी वर्षभर त्या तसबिरीखाली बसत होतो आणि मला दिसलं नव्हतं. साहेबाने विचारलं, हा काय म्हणतो? मी सांगितलं, ह्याच्या गावीसुद्धा हीथ आहे. साहेब उठून उभा राहिला आणि तुझा हात हातात घेतला. त्या दिवसापासून तू त्याचा लाडका. पुढच्या रजेहून येताना त्याने त्या हीथवरचं एक रोप डब्यात घालून आणलं आणि तुझ्या हवाली केलं. तू त्याला सावली केलीस, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलंस, आणि पाचव्या दिवशी बकरीने ते खाल्लं. साहेबाला ती बातमी मलाच द्यावी लागली. तू मागून कुजबुजत होतास, "सांग त्याला, बकरीला आवडला म्हणून. तेवढाच त्याला बरा वाटंल."

आता मुद्द्यावर येतो. टाळत होतो.

गोल्फमध्ये होलभोवती जी गुळगुळीत हिरवळ लागते, ती आपल्याकडे नव्हती. तिच्या जागी वाळूत जाड तेल कालवून थापलेली गोल काळपट जागा, साहेबांच्या भाषेत ब्राउन. अशी नऊ ब्राउनं. वारा आला की त्यांच्यावर लाटा उठायच्या, उन्हाने पोपडे यायचे, आणि साहेबांनी हळूच ढकललेला बॉल बेडकासारखा उड्या मारत भलतीकडे जायचा. बहारीनच्या साहेब लोकांशी सामना ठरला होता, चांदीचा कप होता, आणि बार्लो साहेबाची झोप उडाली होती. तेव्हा तू पुढे आलास आणि म्हणालास, "मी करतो. ह्यात काय हाय, हा तर खळा करायचा काम."

कुठूनसं मालाच्या पेटीचं जाड लाकूड मिळवलंस आणि त्याचं चोपणं केलंस. वाळू चाळलीस, तेल बेताने घातलंस, आणि उकिडवा बसून मागे मागे सरकत पट्-पट्-पट् चोपत सुटलास, पाऊस संपल्यावर कोकणात घरापुढचं खळं चोपतात अगदी तसा. महिनाभरात नऊच्या नऊ ब्राउनं आरशासारखी झाली. साहेब वाकून हात फिरवायचा आणि हात पँटला पुसायचा. भाबीला पत्रात तू काय सांगितलंस? "लिही, साहेबाची नऊ खळी सांभाळतो." तिचं उत्तर आलं, नऊ खळ्यांत भात तरी कुठला झोडतात ते कळवा. त्याचं उत्तर तू बारा वर्षं कळवू दिलं नाहीस.

त्या ब्राउनांत एक गोष्ट होती, जी साहेबाला दिसली नाही आणि मला दिसली. मीही कोकणातलाच ना. मी सातव्यावर उभा राहिलो आणि माझ्या पायांना कळलं.

"दाऊदभाय, उतार दिलास की काय?"

"मग? पाणी जायला नको?"

"अरे, कुठलं पाणी? कुवेत आहे हे!"

"पडंल तेव्हा पडंल. उताराशिवाय खळा करायचा म्हणजे काय? लोक तोंडात शेण घालतील."

"आणि पश्चिमेकडे का?"

तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी शाळेत मास्तर होतो ती शाळाच खोटी. "पाणी समुद्राकडे जातो, मास्तर."

दाऊदभाय, समुद्र पूर्वेला होता! टेकाडावरून दिसत होता, चमकत होता, त्यात जहाजं उभी होती. मी हात करून दाखवला. तू वळून बघितलंस, बराच वेळ बघितलंस, आणि म्हणालास, "तो त्यांचा. आपला तिकडे हाय." आणि पुन्हा चोपायला लागलास. नऊ ब्राउनं, आणि प्रत्येकाला पश्चिमेकडे चार बोटं उतार. ह्या जगात हा गोंधळ फक्त रत्नागिरीचा माणूस घालू शकतो.

सामन्यात जे व्हायचं ते झालं. आपल्या साहेबांना महिनाभराची सवय झाली होती. त्यांचे हात नकळत बॉल थोडा पूर्वेकडे ढकलायचे. बहारीनवाले सरळ ढकलायचे आणि बॉल होलच्या कडेने वळून पश्चिमेला निघून जायचा. त्यांचा कप्तान तर सातव्यावर गुडघे टेकून बसला. कप आपल्याकडे आला. बार्लो साहेबाने भाषण ठोकलं की हा हीथवर शिकलेल्या हाताचा गुण आहे. तू मागे पाण्याचं पिंप धरून उभा होतास, टाळ्या वाजवायच्या म्हणून पिंप सोडलंस आणि ते माझ्या पायावर पडलं.

दुसऱ्या दिवशी तो कप्तान कुठूनसं गवंड्याचं लेव्हल घेऊन आला. सातव्यावर ठेवलं. काचेतला बुडबुडा सरकला आणि एका टोकाला जाऊन बसला. मग आठवं, मग नववं. सगळीकडे तेच. बार्लो साहेबाचा चेहरा पांढराफटक पडला. बेईमानी केली असा सरळ आरोप होता. कप तिथल्या तिथे परत गेला. साहेबाने मला आणि तुला कचेरीत बोलावलं, त्या तसबिरीखाली उभं केलं आणि मला म्हणाला, "ह्याला विचार. हे मुद्दाम केलंय का? मुद्दाम केलं असेल तर उद्याच्या बोटीने घरी."

मी विचारलं.

तू छाती काढून म्हणालास, "हो, मुद्दाम. त्याला सांग, माझ्या बापाने असाच शिकवलान. आंधळ्याने केला तरी खळ्याला उतार असतो. मुद्दाम केलाय सांग."

सात माणसं खाणारी तुझ्या घरी. मी ते पत्रांतून नावानिशी ओळखत होतो. मी साहेबाकडे वळलो आणि इंग्रजीत म्हणालो, "साहेब, चुकून झालं. मिस्टेक. अडाणी माणूस आहे."

साहेबाने श्वास सोडला. मला वाटलं, वाचवलं. तू माझ्याकडे बघत होतास. तुला इंग्रजी येत नाही असं मी धरून चाललो होतो, आणि ती खरी माझी चूक. चार वर्षं गोऱ्या फोरमनच्या हाताखाली काढलेल्या गवंड्याला इंग्रजीतला दुसरा कुठला नाही तरी हा एक शब्द येतो.

बाहेर आल्यावर तू एवढंच बोललास, "मिष्टेक? माझी?" आणि पुढे चाळीस दिवस माझ्याशी बोलला नाहीस. एका खोलीत, एका चुलीवर! भात तू करायचास, कालवण मी, आणि "मीठ दे" हे तू भिंतीला सांगायचास. पत्र लिहायची वेळ आली तेव्हा तर कहर. तू भिंतीकडे तोंड करून मजकूर सांगितलास आणि मी लिहिला. त्यातही "इथे सगळे बरे आहेत, एक सोडून" असं घालायला लावलंस. भाबीने घाबरून विचारलं होतं, मास्तरभावजींना काय झालं?

साहेबाच्या हुकुमाने तू ब्राउनं सपाट करायला घेतलीस. दिवसाला एक व्हायला हवं, तू आठवड्याला दोन करत होतास. लेव्हल ठेवायचास, बुडबुडा मधोमध आला की तोंड वाकडं करायचास. आठ झाली. सातवं शेवटी ठेवलंस. आणि मग पाऊस आला.

पाऊस म्हणजे पाऊसच. इथला, हिवाळ्यातला. वर्षातून दोनदा शिंकल्यासारखा येतो एरवी, पण त्या वेळी तीन दिवस धरला. फहाहीलच्या बाजारात लोक चपला हातात घेऊन फिरत होते. चौथ्या दिवशी आपण साहेबाबरोबर टेकाडावर गेलो. आठ सपाट ब्राउनांची आठ काळी डबकी झाली होती. वर तेलाचा तवंग, त्यात होलच्या काठ्या वाकलेल्या. सातवं तेवढं कोरडं. सगळं पाणी पश्चिमेच्या कडेने शिस्तीत निघून गेलं होतं.

साहेब सातव्याच्या मधोमध उभा राहिला. बूट आपटून बघितला. मग मला म्हणाला, "तू म्हणाला होतास, हे चुकून झालं."

दाऊदभाय, माझ्यासमोर दार सताड उघडं होतं. नुसतं म्हणायचं होतं, नाही साहेब, मी खोटं बोललो, हा माणूस कारागीर आहे. तू बाजूला उभा होतास, चिखलात, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघत होतास. आणि मला वाटलं, खोटं बोललो म्हटलं तर आता मलाच बोटीत बसवतील. मी म्हटलं, "साहेब, चुकून बरोबर झालं."

साहेब इतका हसला की त्याला खोकला आला. खराखुरा. उरलेली आठ पुन्हा उतार देऊन करायला लावली त्याने, आणि हीथवरच्या रिवाजाप्रमाणे सगळ्या होलना नावं दिली. पाट्या रंगवून आल्या. सातव्यावर इंग्रजीत पाटी लागली, 'दाऊद्स मिस्टेक'. साहेबाने प्रेमाने लावली. तुला खांद्याला धरून पाटीपुढे उभं करून फोटो काढला. तू फोटोत हसतोयस. तुला वाचता येत नव्हतं, पण त्या दिवशी संध्याकाळी तू मला म्हणालास, "त्यात दुसरा शब्द काय हाय तो मला ठाऊक हाय."

मग तू बोलायला लागलास खरा, पण माझं नाव गेलं. मी मिष्टेकसाहेब झालो. कालवण खारट झालं, "मिष्टेकसाहेबांनी केला काय?" बस चुकली, "चुकून बरोबर झाला, चल, पायी जाऊ." माझा मुलगा झाल्याची तार आली तेव्हासुद्धा तू विचारलंस, "मुद्दाम, का…?" बार्लो साहेब गेला, दुसरे आले, तुझे केस पिकले, आणि बारा वर्षं रोज सकाळी तू त्या पाटीखालून चोपणं घेऊन जात होतास. मी शंभर वेळा ठरवलं की माफी मागावी. दर वेळी तू आधीच काहीतरी असं बोलायचास की मला राग यायचा. रागात कोण माफी मागतं?

आणि आता मागतो तर तू नाहीस. मला तुझी आठवण येते, दाऊदभाय. मीठ मागायला भिंतसुद्धा उरली नाही.

परवा तुला पोचवायला आपल्याकडचे पंधरा-वीस जण आले होते, थेट लांबच्या राई भागातल्या गॅरेजांतून मुलं आली होती. माती दिल्यावर मी हाताने तुझ्यावरची वाळू सारखी करत होतो, आणि माझा हात आपोआप पश्चिमेकडे उतार द्यायला लागला. तिथल्या माणसाने मला हळूच बाजूला केलं आणि फळीने सगळं सपाट करून टाकलं. वर नंबराचा दगड. नाव नाही, ही इथली रीत. पण परत येताना मनात तेच घोळत होतं की ह्या सगळ्या मुलखात तुझं नाव लिहिलेलं एकच ठिकाण आहे, आणि तिथे तुझ्या नावापुढे माझा शब्द लिहिलाय.

म्हणून आज सकाळी मी टेकाडावर गेलो. ब्राउनासाठी तू कालवून ठेवलेलं तेल पिंपात होतंच. रंगाचा ब्रश घेतला, स्टूल घेतलं आणि पाटीवरचा दुसरा शब्द काळा करून टाकला. दोन हात दिले. तेल माझ्या बाहीत गेलं, डोक्यावर ठिबकलं. आता पाटीवर नुसतं 'दाऊद्स' आहे.

स्टुलावरून उतरतो तर खाली नवा सेक्रेटरी उभा. पोरगेला आहे, तुला माहीत आहे, तू त्याला गोमू म्हणायचास. तो पाटीकडे बघत राहिला, मग माझ्या बाहीकडे.

"दाऊदचं काय?" त्याने विचारलं.

"हे, साहेब. सातवं. ह्याला उतार त्याने दिला होता, पाणी जावं म्हणून. त्याच्या बापाने त्याला तसंच शिकवलं होतं."

त्याने वाकून ब्राउनवर हात फिरवला. मग विचारलं, "आणि हे तेल? सांडलं का चुकून?"

मी सरळ उभा राहिलो. छाती काढली. आणि तू बारा वर्षांपूर्वी मला जे सांगायला सांगितलं होतंस, ते शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं.

"नाही साहेब. मुद्दाम."